राखणदारांचं गाव ओस्लोब

सकाळी सहाच्या सुमारास तान-आवानच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक माणूस लहानशा लाकडी होडीत बसून मूठमूठ जवळा पाण्यात टाकत असतो. होडी अरुंद, दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या. कोकणातल्या उलांडीला एकच बाजू असते, इथे दोन, एवढाच फरक. त्याच्या मागून पाण्याखाली पांढऱ्या ठिपक्यांची एक करडी चादर सरकत येते. मग टोपलीएवढं तोंड उघडतं, मासा शेपूट खाली सोडून पाण्यात जवळजवळ उभा राहतो आणि पाण्यासकट जवळा आत ओढून घेतो. आजूबाजूला तरंगजॅकेट घातलेली माणसं डोकं पाण्यात बुडवून हे बघत असतात. अर्ध्या तासानं त्यांची पाळी संपते, पुढची होडी येते. दुपारी बारापर्यंत हे असंच चालतं.

हे फिलिपिन्समधल्या सेबू बेटाचं दक्षिण टोक. सेबू शहरापासून साधारण ११७ किलोमीटरवर ओस्लोब नावाचं गाव आहे, तान-आवान ही त्यातली एक वस्ती. इथल्या सेबुआनो भाषेत ‘तान-आव’ म्हणजे पाहणं, तेव्हा तान-आवान म्हणजे जिथून पाहावं ती जागा. आज ते नाव पर्यटनखात्यानं मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं, पण ते आधीपासूनचंच आहे.

इंटरनेटवर ओस्लोब शोधलं तर फक्त मासा दिसतो. माझ्या मते मासा हा या गावाच्या गोष्टीतला शेवटचा भाग आहे. ती गोष्ट नीट कळायची तर सेबुआनोतला आणखी एक शब्द हाताशी हवा, ‘बांताय’. अर्थ राखण, पहारा. जुन्या टेहळणी बुरुजांना इथे ‘बांतायान सा हारी’ म्हणतात, म्हणजे राजाचा पहारा. आणि बेकायदा मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या आजच्या गस्तीला फिलिपिन्सभर ‘बांताय दागात’ म्हणतात, दागात म्हणजे समुद्र. दोनशे वर्षांपूर्वी समुद्राकडून येणाऱ्यांपासून गाव राखायचं होतं, आता गावापासून समुद्र राखायचा आहे. शब्द तोच राहिला, दिशा उलटली.

आधी बुरुजांचं बघू. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून, म्हणजे सुलू आणि मिंदानाओ बेटांच्या बाजूनं, दरवर्षी नैऋत्येचा वारा धरून हल्लेखोरांचे ताफे सेबू ज्यात मोडतं त्या विसायास बेटांवर यायचे. त्यांना मुख्यतः माणसं हवी असत. किनाऱ्यावरच्या गावांतली बाया-माणसं, पोरं उचलून गुलाम म्हणून विकली जायची. तेव्हा फिलिपिन्सवर राज्य करणारे स्पॅनिश लोक या दक्षिणेकडच्या मुसलमानांना सरसकट ‘मोरो’ म्हणत, आणि त्यांच्याशी स्पेनचं वैर शतकांचं होतं, तेव्हा सगळा दोष एकाच बाजूचा म्हणता येत नाही. पण रात्री पळवून नेलेल्या कोळ्याला या राजकारणाशी काय देणंघेणं.

मनिलाचं सरकार दूर. दक्षिण सेबूत बंदोबस्त उभारला तो चर्चच्या पाद्र्यांनी. त्यातलं ठळक नाव हुलियान बेर्मेहो. ओस्लोबच्या उत्तरेला लागून असलेल्या बोलहोऊन गावाचा हा ऑगस्टिनियन पंथाचा पाद्री. लोक त्याला ‘एल पाद्रे कापितान’ म्हणत, कप्तान-पाद्री. त्यानं किनाऱ्याकिनाऱ्यानं बुरुजांची साखळी बांधून घेतली. एका बुरुजावरून शिडं दिसली की पुढच्या बुरुजाला इशारा, तिथून त्याच्या पुढच्याला. बातमी वाऱ्याच्या आधी पोचायची. गावकऱ्यांची स्वतःची लढाऊ गलबतंही त्यानं उभी केली. ओस्लोबमध्ये त्या काळच्या बुरुजांचे अवशेष आजही किनाऱ्यावर आहेत. चर्चजवळचा बुरुज आता बराच पडका आहे.

आता भिंतीच्या जवळ जाऊन बघू. ओस्लोबचं चर्च, बुरुज, नाक्यावरची ती बिनछपराची ‘कुआर्तेल’ नावाची इमारत, सगळं एकाच दगडाचं आहे, आणि तो डोंगरातला दगड नव्हे. हात फिरवला तर कुठे मेंदूच्या वळ्यांसारख्या नागमोडी रेषा, कुठे टाचणीच्या टोकाएवढी ओळीनं भोकं, कुठे चांदण्यांसारखे ठसे. ही पोवळी आहेत. लाखो बारीक जीवांनी समुद्राच्या पाण्यातून चुना ओढून बांधलेली घरकुलं. ओहोटीला किनाऱ्यालगतच्या खडकातून त्याचे चौकोनी ठोकळे कापून काढत. ओला असताना हा दगड कुऱ्हाडीनं तासता येतो, वाळला की टणक होतो. जांभ्याच्या खाणीवर चिरे निघताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट. दर्जात पोवळ्याचा दगड काही जांभ्याचा सख्खा भाऊ नाही, पण वागणूक तीच. दगडांमधल्या फटी भरायला लागणारा चुनाही पोवळी आणि शिंपल्या भाजूनच करायचे. म्हणजे ठोकळेही समुद्राचे, गाराही समुद्राचा.

ठोकळे वाहिले कुणी? स्पॅनिश राजवटीत ‘पोलो इ सेर्विसिओस’ नावाची वेठबिगार होती. सोळा ते साठ वयाच्या पुरुषानं वर्षाला ४० दिवस सरकारी कामावर राबायचं. १८८४ मध्ये ते १५ दिवसांवर आलं. पर्यटकांना दाखवायच्या पाट्यांवर बिशपाचं नाव असतं, पाद्र्याचं असतं. खांद्यावरून ओला दगड आणणाऱ्याचं नसतं. ‘वारसा’ म्हणताना हे आपल्याकडेही आपण सोयीनं विसरतो.

चर्चची पायाभरणी १८३० मध्ये सेबूचा बिशप सांतोस गोमेस मारान्योन याच्या काळात झाली, काम १८४८ मध्ये पूर्ण झालं. नंतर ते दोनदा जळालं, १९५५ मध्ये आणि २००८ मध्ये. दोन्ही वेळा पोवळ्याच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या आणि आतलं लाकूड, छत, मूर्ती गेल्या. कुआर्तेलची कथा वेगळी. ती शिपायांच्या बराकीसाठी बांधायला घेतली, आणि १८९८ मध्ये स्पेननं अमेरिकेशी युद्ध गमावलं. फिलिपिन्सचे मालक बदलले, काम थांबलं. छप्पर कधीच चढलं नाही. कमानींची नुसती चौकट समुद्राकडे तोंड करून उभी आहे, आणि खरं सांगायचं तर पूर्ण झाली असती तर इतकी देखणी दिसली नसती.

या दगडाची एक पंचाईत मात्र आजची आहे. फिलिपिन्समध्ये आता पोवळी तोडणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मग २०० वर्षांची भिंत ढासळली तर डागडुजीला दगड कुठून आणायचा? पडलेल्या भिंतींतले जुने ठोकळे निवडून वापरा, हा एक मार्ग. २०१३ च्या ऑक्टोबरात शेजारच्या बोहोल बेटावर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, लोबोकसारखी पोवळ्याची जुनी चर्चं कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातल्या दगडांना क्रमांक देऊन ते राखून ठेवावे लागले. सिमेंटनं लिंपणं हा सोपा मार्ग, आणि तोच घातक. पोवळ्याचा दगड सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती ओल आत कोंडतं, आणि दगड आतून भुसभुशीत होत जातो. चुन्यात बांधलेलं चुन्यानंच दुरुस्त करायचं, हा नियम कोकणातल्या जुन्या वाड्यांनाही लागू आहे. पाळतं कोण, तो भाग निराळा.

राखण नुसती बुरुजावरून होत नाही, हे बोलहोऊनला चांगलंच कळलं. तिथल्या चर्चमध्ये प्रवचनाच्या व्यासपीठाला कोरीव, रंगवलेल्या लाकडी फळ्या होत्या. १९८० च्या दशकात त्या नाहीशा झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं मोठ्या आनंदानं जाहीर केलं की एका संग्राहक दांपत्याकडून चार फळ्या देणगी मिळाल्या. बोलहोऊनच्या लोकांनी फोटो पाहिला आणि आपली वस्तू ओळखली. सेबूच्या आर्चबिशपनं त्या परत मागितल्या. संग्रहालयाचं म्हणणं असं की त्या राष्ट्राचा ठेवा आहेत. गावाचं म्हणणं, त्या आमच्या देवळातल्या आहेत. शेवटी त्या गावाला परत द्यायचं ठरलं. ‘राष्ट्राचा ठेवा’ हा शब्द ऐकायला छान, पण पूजेतली वस्तू काचेत गेली की तिचं काय होतं हे मूर्ती चोरीला गेलेल्या कुठल्याही गावाला विचारावं.

आता पाण्यात उतरू. ओस्लोबसमोर सुमिलोन नावाचं चिमुकलं पोवळ्याचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम २४ हेक्टर. १९७४ मध्ये या बेटाभोवतीच्या खडकाचा साधारण पाव भाग मासेमारीला पूर्ण बंद केला गेला. फिलिपिन्समधलं हे पहिलं सागरी राखीव क्षेत्र. कल्पना समोरच्या दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठाच्या आंजेल आल्काला या जीवशास्त्रज्ञाची. १९९२ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबा आमट्यांमुळे आपल्याला हा पुरस्कार घरचा वाटतो, पण ज्यांच्या नावानं तो दिला जातो ते राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे १९५७ मध्ये विमान अपघातात गेले ते याच सेबू बेटाच्या डोंगरात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आल्कालांची कल्पना मराठी माणसाला एका शब्दात सांगता येते, देवराई. एक तुकडा असा ठेवायचा की तिथे कोयता चालवायचाच नाही. फरक इतकाच की समुद्राच्या देवराईला कुंपण नसतं, आणि तोच तिचा फायदा. आत मासे मोठे होतात. मोठी मादी लहान मादीच्या दुप्पट-तिप्पट नव्हे, कित्येक पट अंडी घालते. आत दाटी झाली की मासे हद्दीबाहेर पसरतात, अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात. हद्दीच्या बाहेर गळ टाकून बसलेल्या कोळ्याला ती मिळतात. याला शास्त्रज्ञ ‘सांडणं’ म्हणतात, भरलेलं भांडं सांडतं तसं.

ऐकायला पटतं, पण खरंच होतं का? सुमिलोननं याचं उत्तर दिलं ते मोडून पडल्यावर. १९८३-८४ मध्ये, दहा वर्षांच्या राखणीनंतर, बेटाभोवती दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सुमारे ३७ टन मासळी मिळत होती. याच सुमाराला गावचं राजकारण फिरलं. आमचा समुद्र, विद्यापीठ कोण सांगणारं, असा सूर निघाला, आणि १९८४ मध्ये राखीव भागात जाळी पडली. सगळा खडक मासेमारीला मोकळा झाला. हिशेबानं मासळी वाढायला हवी होती. १९८५-८६ मध्ये ती २० टनांच्या आसपास आली. मारायला जागा जास्त आणि हाती मासे कमी. आल्काला आणि त्यांचे सहकारी गॅरी रस यांनी हे आकडे प्रसिद्ध केले, आणि सागरी राखीव क्षेत्रांबद्दल जगभर जे शिकवलं जातं त्यात हा दाखला अजून येतो.

त्या जाळ्यांत एक ‘मुरो-आमी’ नावाचा प्रकार होता. पोहणाऱ्यांची रांग, बरेचदा पोरंच, दोरीला बांधलेलं वजन पोवळ्यांवर आपटत पुढे सरकायची, आवाजानं मासे जाळ्याकडे पळायचे. पोवळीही फुटायची आणि पोरंही दगावायची. या धंद्यावर गेलेल्यांत दक्षिण सेबूतली माणसं पुष्कळ होती. ८० च्या दशकातच त्यावर बंदी आली.

सुमिलोनचा धडा पोटात घालून आल्कालांनी पुढच्या खेपेला क्रम बदलला. नेग्रोसजवळच्या आपो बेटावर त्यांनी आधी कोळ्यांशी बोलणं केलं आणि मग हद्द आखली. ती अजून टिकून आहे. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये कागदावर जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, आणि कोळ्यांचा विरोध तेव्हापासून आजतागायत. आल्कालांना जे पहिल्या फेरीत उमगलं ते आपल्या फायलीत अजून उतरायचंय. फिलिपिन्सच्या कायद्यानं किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी गावाच्या पालिकेच्या हाती दिलेलं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. तिथे सुमिलोन राखायचं की मोडायचं हे गावाच्या निवडणुकीत ठरू शकतं. याची भीतीही वाटते आणि हेवाही.

आणि मग तो मासा. नाव व्हेल शार्क, पण तो देवमासा नाही, मुशीच्या कुळातला आहे. कल्ल्यांनी श्वास घेतो, हाडांऐवजी कूर्चा. जगातला सगळ्यात मोठा मासा, १८ मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि खातो जवळा, अंडी, बारीक जीव. दातांचा उपयोग जवळजवळ शून्य. वयात यायला पंचवीस-तीस वर्षं लागतात, म्हणून मारला की संख्या भरून यायला पिढ्या जातात. फिलिपिन्समध्ये १९९८ पर्यंत त्याची शिकार व्हायची, मग बंदी आली. भारतात २००१ पासून त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. महाराष्ट्रात जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क जाळं कापून सोडला तर कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

तान-आवानचे कोळी जवळ्याला ‘उयाप’ म्हणतात, आणि तो गळाच्या मासेमारीत आमिष म्हणून वापरतात. व्हेल शार्क त्या वासानं होडीमागे लागायचा, कामात लुडबूड करायचा. मग एखादा माणूस मूठभर उयाप टाकत टाकत त्याला बाजूला घेऊन जायचा, म्हणजे बाकीच्यांना निवांत मासे धरता यावेत. २०११ मध्ये हे पाहायला आलेल्यांचे फोटो पसरले आणि काही महिन्यांत वस्तीचं नशीब पालटलं. ज्याला हुसकायचं, त्यालाच बोलवायला लागले. कोळ्यांची संघटना झाली. तिकिटाच्या पैशांचे वाटे ठरले: ६० टक्के संघटनेला, ३० पालिकेला, १० वस्तीला. सकाळी सहा ते बारा, माशाला हात लावायचा नाही, चार मीटर दूर राहायचं, अंगाला सनस्क्रीन लावून उतरायचं नाही. वर्षाला काही लाख माणसं येऊ लागली. कोळ्यांच्या घरांची छपरं बदलली, पोरं कॉलेजात गेली. ज्यांना हा प्रकार आवडत नाही त्यांनीही हे मान्य करूनच पुढे बोलावं.

आवडत नाही त्यांत बरेच अभ्यासक आहेत. २०१२ पासून संशोधकांनी इथे रोज पाण्यात उतरून माशांची हजेरी घेतली. माशाच्या डाव्या कुशीवर कल्ल्यामागचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. त्या ठिपक्यांचे फोटो जुळवायला जे गणित वापरतात ते मुळात खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या याद्या जुळवण्यासाठी केलेलं. या हजेरीतून कळलं की इथे येणारे बहुतेक मासे अर्धवट वयाचे नर आहेत. काही दिवसभर थांबून जातात, काही महिनोन् महिने हलत नाहीत. अन्नाच्या शोधात भटकणं, खोल बुडी मारणं, हा या माशाचा स्वभाव. फुकटच्या खाऊनं तो काहींचा सुटतो आहे. जवळजवळ सगळ्यांच्या अंगावर ओरखडे नाहीतर जखमांचे व्रण आहेत. चार मीटरचा नियम पाळला जातो तो बहुतेक कागदावरच. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तान-आवानच्या होड्यांखालचा खडक जवळपासच्या खडकापेक्षा खराब आहे, पोवळी कमी आणि शेवाळ जास्त. ज्या खडकातून एके काळी चर्च निघालं, त्याच किनाऱ्याच्या खडकावर आता खाऊचं पाणी आणि पायांचं दडपण पडतंय.

मग बंद करा, असं मनिलात बसून म्हणता येतं. दोनसोल नावाच्या गावात खाऊ न घालता व्हेल शार्क दाखवतात हा दाखलाही देतात. खरं आहे. पण दोनसोलला मासा दिसेल याची हमी नसते, ओस्लोबला असते, आणि पर्यटक हमीला पैसे मोजतो. शिवाय संघटनेच्या शेकड्यावर कोळ्यांना उद्या पुन्हा जाळी घेऊन त्याच खडकावर जावं लागलं तर सुमिलोनचं काय होईल, हा प्रश्न उरतोच. मला स्वतःला खाऊ घालणं पटत नाही. एकदम बंदही पटत नाही. खाऊचे दिवस कमी करणं, माणसांची संख्या बांधणं, होड्या एका जागी न ठेवता खडकाला विसावा देणं, इतकं तरी आज करता येण्यासारखं आहे.

बारा वाजले की बादल्या धुतल्या जातात, दोऱ्या आवरतात. काही मासे जवळा संपल्यावरही होड्यांच्या कडेनं फेऱ्या मारत राहतात. त्यांच्यासाठी होडी म्हणजे अन्न असं समीकरण झालेलं असतं. मग कधीतरी ते निघतात. ओस्लोबमध्ये ठिपके टिपलेले मासे बोहोलजवळ, दक्षिण लेतेजवळ पुन्हा सापडले आहेत. तिथेही होड्या असतात, इंजिनाच्या पंख्याच्या, जाळ्यांच्या, आणि त्यांच्यात जवळा घेऊन कुणी बसलेलं नसतं.